जर्सीवर नाव टाकायचंय? मग या काकांकडं जावा, फक्त घाईत जाऊ नका

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कशाला कापला ते खाली येईलच, पण आधी हे सांगतो की आमचा पंधरा-वीस जणांचा ग्रुप गेली कितीतरी वर्षं फुटबॉलच्या सगळ्या जर्स्या इथूनच घेतोय आणि कोल्हापुरात जर्सीवर नाव-नंबर टाकून देणारी दुकानं आता भरपूर झाली असली तरी मी दुसरीकडं जात नाही. दुकान शाहू स्टेडियमजवळच्या एका बोळात आहे, बोर्ड नाही, सगळे "काकांचं दुकान" म्हणूनच ओळखतात, मॅपवर शोधत बसू नका, स्टेडियमच्या बाहेर कुठल्याही पोराला विचारा तो दारात नेऊन सोडेल.

दुकान म्हणजे एक दहा बाय बाराची खोली. एका बाजूला कोऱ्या जर्स्यांचे गठ्ठे, समोर अक्षरं कापायचा प्लॉटर, त्याच्या शेजारी ती कापडावर चिकटवायचा हीट प्रेस, आणि भिंतीवर खिळ्यांची एक रांग. ही खिळ्यांची रांग लक्षात ठेवा, तिच्यासाठीच हा रिव्ह्यू लिहितोय.

काकांचा एक नियम आहे. क्लबनं स्वतः जाहीर केल्याशिवाय नव्या क्लबच्या जर्सीवर प्लेयरचं नाव छापायचं नाही. कोण काय म्हणतंय, कुठल्या पत्रकारानं काय टाकलंय, एअरपोर्टचा फोटो आलाय का, काही चालत नाही. जर्सी घ्या, पैसे द्या किंवा देऊ नका, ती चिठ्ठी लावून खिळ्याला अडकवली जाते आणि क्लबची घोषणा आली की मगच प्रेसखाली जाते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता, माझे पैसे माझी जर्सी तुम्हाला काय करायचंय. तो राग २०२१ च्या ऑगस्टमध्ये गेला तो कायमचा.

तो महिना ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ५ ऑगस्टला बार्सिलोनानं सांगितलं की मेस्सी राहणार नाही, ला लीगाच्या, म्हणजे स्पेनच्या लीगच्या, पगाराच्या मर्यादेत त्याचं नवीन कॉन्ट्रॅक्ट बसत नव्हतं. ८ तारखेला तो कॅम्प नूमध्ये सगळ्यांसमोर रडला आणि १० तारखेला पॅरिस सेंट जर्मेन क्लबचा झाला. आमच्या ग्रुपमधले बार्सावाले चार दिवस कुणाशी नीट बोलत नव्हते. आम्ही मँचेस्टर युनायटेडवाले तेव्हा त्यांना समजावत होतो, आणि पंधरा दिवसांत आमच्यावरच तशी वेळ आली.

रोनाल्डो इटलीचा युव्हेंटस क्लब सोडणार हे जवळपास सगळीकडं चालू होतं, पण जाणार कुठं तर मँचेस्टर सिटी! २६ ऑगस्टला तर असं वाटत होतं की झालंच आता, सही तेवढी बाकी. मला अजून आठवतंय, ग्रुपवर एरवी मॅचच्या दिवशी दोनशे मेसेज पडतात आणि त्या दिवशी युनायटेडवाले सगळे गप्प. २००३ ते २००९ सहा वर्षं ज्याला लाल जर्सीत बघून आम्ही फुटबॉल बघायला शिकलो, केबलवाल्याच्या हातापाया पडून चॅनल लावून घेतलं, मैदानात फ्री किक घेताना पाय फाकवून उभं राहायला शिकलो, तो माणूस शेजारच्या क्लबची आकाशी जर्सी घालणार. युव्हेंटसला गेला तेव्हा काही वाटलं नव्हतं, रियल माद्रिदला ८ कोटी पौंडांना गेला तेव्हा पण वाईट वाटलं तरी अभिमान होता, पण सिटी? ज्याला कोल्हापूरच्या पेठांतलं, तालमी-तालमींच्या टीमचं फुटबॉल माहितीये त्याला हे बरोबर कळेल. आपल्या तालमीचा पोरगा बाहेरगावी खेळायला गेला तर आपण त्याला स्टँडवर सोडायला जातो, समोरच्या तालमीत गेला तर घरातलं माणूस दुखावल्यासारखं होतं.

तर त्या संध्याकाळी मी दुकानात होतो, ऑफिसच्या टीमच्या जर्स्या न्यायला गेलेलो. आधी आमचा एक सिटीवाला मित्र आला, एकदम उड्या मारत, हातात कोरी आकाशी जर्सी, "काका रोनाल्डो सात टाका, उद्या गर्दी व्हायच्या आत." काकांनी चष्मा वर केला आणि शांतपणे विचारलं, "सात तर स्टर्लिंगकडं हाय की. ह्याला कुठला देणार?" तो गप्प. खरंच, सिटीत सात नंबर स्टर्लिंगचा होता आणि जग सगळं सिटीच्या नावानं ओरडत असताना हा साधा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता. "अजून नंबर ठरला न्हाई, सही झाली न्हाई, मी कशाला तुझी सातशेची जर्सी खराब करू? अडकव खिळ्याला."

त्याच्यानंतर दहा मिनिटांनी आमचा युनायटेडवाला आला. ह्याच्याकडं जुनी लाल जर्सी होती, रोनाल्डो ७ ची, कॉलेजात असताना पहिल्या पगाराच्या पैशातून घेतलेली, पार्ट टाइम काम करायचा तेव्हा. ती घडी करून पिशवीत आणली होती. म्हणाला काका ह्याच्यावरचं नाव काढून द्या, मला आजच काढून पाहिजे. डोळे लाल होते त्याचे. काकांनी जर्सी हातात घेतली, मागची अक्षरं बोटानं चाचपली आणि म्हणाले, "इतकी वर्षं झाली तरी एक कोपरा सुटला न्हाई बघ. ठेवून जा. उद्या बघू." तो म्हणाला आजच. काका म्हणाले आज मशीन गरम नाही. मशीन समोर चालू होतं, मी बघत होतो, त्याला पण दिसत होतं. पण तो काही बोलला नाही, जर्सी ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, २७ ऑगस्ट. सकाळपासून उलटसुलट. युव्हेंटसच्या कोचनं, अलेग्रीनं, सांगून टाकलं की रोनाल्डोला युव्हेंटसकडून आता खेळायचं नाही, मग वाटलं संपलं. मग दुपारनंतर वारं फिरलं, सिटी मागं सरकली म्हणे, युनायटेडचे जुने मॅनेजर फर्ग्युसन बोललेत म्हणे, आणि आमचा तेव्हाचा मॅनेजर सोल्सकर पत्रकारांसमोर म्हणाला की तो युव्हेंटस सोडणार असेल तर आम्ही इथं आहोत हे त्याला माहिती आहे. आणि रात्री युनायटेडची स्वतःची घोषणा आली की युव्हेंटसशी बोलणं पक्कं झालंय, रोनाल्डो परत येतोय. मी बायकोला उठवून सांगितलं. ग्रुपवर कोण काय लिहीत होतं कुणालाच कळत नव्हतं, एकानं नुसतं सात सात सात सात असं पन्नास वेळा लिहिलं होतं.

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी तो मित्र शटरसमोर उभा होता. काकांनी जर्सी दिली, जशीच्या तशी, वरनं एकदा हलक्या प्रेसखाली घालून अक्षरांच्या कडा बसवून दिल्या होत्या आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. तो तिथंच अंगात घालून गेला.

आता जे ह्या कामातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो की नाव काढणं ही सोपी गोष्ट नाही. ही अक्षरं विनाइलची असतात, प्लॉटरवर कापायची, चिमट्यानं आजूबाजूचं नको असलेलं सोलायचं, मग प्रेसखाली उष्णतेनं कापडावर चिकटवायची. जर्सीचं कापड पॉलिस्टर, जास्त तापवलं तर चमक येते किंवा चक्क करपतं. काढताना परत गरम करून सोलावं लागतं, आणि खालचा गोंद राहतोच, नाव गेलं तरी नावाची सावली जात नाही. त्या सावलीवर नवीन नाव टाकलं तर उन्हात दोन्ही दिसतात. आमच्या मित्राची ती जर्सी त्या रात्री सोलली असती तर परत तशी कधीच झाली नसती, हे काकांना माहिती होतं म्हणून मशीन गरम नव्हतं.

आणि पुढचं ऐका. मी पण त्याच शनिवारी नवीन लाल जर्सी घेतली, म्हटलं आता तर क्लबनंच सांगितलंय, टाका सात. काका नाही म्हणाले. सात आमच्याच कवानीकडं होता! प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या लीगमध्ये, सीझन सुरू झाल्यावर नंबर असा सहज बदलत नाही, त्याला खास परवानगी लागते. ग्रुपमधल्या दोघांना धीर धरवला नाही, त्यांनी दुसरीकडनं एकानं सात आणि एकानं अठ्ठावीस छापून घेतला, २८ कारण स्पोर्टिंगला असताना तो घालायचा. मी खिळ्याला अडकवली. मग आमचा डॅनियल जेम्स लीड्सला गेला, त्याचा २१ मोकळा झाला, तो कवानीनं घेतला आणि सप्टेंबर उजाडल्यावर सात रोनाल्डोचा हे पक्कं झालं. त्याच दिवशी संध्याकाळी काकांचा फोन, "ये, टाकलंय." ११ सप्टेंबरला, गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी, न्यूकॅसलविरुद्ध तो परत उतरला, दोन गोल मारले, ४-१ जिंकलो, आणि माझ्या अंगावर ती जर्सी होती. पुढं २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तो ज्या पद्धतीनं गेला ते मला अजिबात आवडलेलं नाही आणि त्यावर मी वेगळं बोलेन कधीतरी, पण ती रात्र माझ्याकडनं कोण काढून घेणार नाही.

त्या ऑगस्टमध्ये मेस्सीवाल्यांचं पण हेच. ज्यांनी घाईघाईत पॅरिसची जर्सी घेऊन मेस्सी १० टाकून घेतला त्यांची जर्सी एका दिवसात खोटी ठरली, कारण दहा नेमारचा होता आणि मेस्सीनं ३० घेतला, बार्सात सुरुवातीला घालायचा तो. २०२२ ला एम्बाप्पेचं तर त्याहून वाईट. सगळं जग सांगत होतं रियल माद्रिद, पांढऱ्या जर्सीवर नाव टाकून फिरणारी पोरं मी स्वतः बघितलीत रंकाळ्यावर, आणि मे महिन्यात त्यानं पॅरिसशीच परत करार केला. शेवटी माद्रिदला गेला तो २०२४ च्या जूनमध्ये, आणि नंबर मिळाला ९. दोन वर्षं! काकांच्या खिळ्यावर एक पांढरी जर्सी खरंच दोन वर्षं होती, धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत. ज्याची होती तो मधल्या काळात पुण्याला नोकरीला गेला, त्याचा धाकटा भाऊ येऊन घेऊन गेला. दोन वर्षांत कॉलरची डिझाईन जुनी झाली होती तर काकांनी विचारलं नवीन सीझनची देऊ का, फरकाचे पैसे दे, पण त्यानं तीच घेतली.

म्हणून मला वाटतं की हा नियम म्हणजे नुसता धंद्याचा हट्ट नाही. अफवा आली की फॅनचं डोकं चालत नाही, हे मी स्वतःवरून सांगतोय, आनंद असो नाहीतर राग, त्याला काहीतरी लगेच करायचं असतं, छापायचं असतं किंवा फाडायचं असतं. विकणाऱ्याला तर तेच पाहिजे. एका प्लेयरचं नाव तीन वेळा छापलं तर तीन वेळा पैसे. हा माणूस समोरचं गिऱ्हाईक पैसे हातात धरून उभं असताना थांब म्हणतो.

तालमीच्या बाबतीत तर काकांचं वागणं बघण्यासारखं असतं. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, खेळाडू नोंदणी जवळ आली की दुकानात दुसरा विषयच नसतो, अमुक स्ट्रायकर ह्या तालमीतनं त्या तालमीत चाललाय, तमुक गोलकीपरला समोरच्यांनी गाडी दिली म्हणे. काका स्वतः पेठेतले, त्यांची तालीम कुठली हे सगळ्यांना माहिती आहे, तरी त्यांच्यासमोर कुणी अशा पोराला शिव्या घालायला लागला की ते हातातलं काम थांबवतात. एकदा मी होतो तिथं, एक जण आमच्याच पेठेतल्या एका पोराबद्दल वाट्टेल ते बोलत होता, गद्दार बिद्दार. काका म्हणाले, "त्याच्या आईला दुकानात येऊन बसावं लागतं रे संध्याकाळी, भाजीच्या. तिच्या कानावर जातं हे. नोंदणीचा कागद आला का? न्हाई ना? मग गप बस." आणि त्या वर्षी ते पोरगं कुठंच गेलं नाही, आपल्याच तालमीकडनं खेळलं. त्याला शिव्या देणारे नंतर त्याच्याच गोलवर नाचत होते, आम्ही सगळेच नाचलो.

क्वालिटीबद्दल. कोऱ्या जर्स्या ओरिजिनल नाहीत, कॉपी आहेत, आणि काका ते स्वतःहून सांगतात, कुणाला फसवत नाहीत. दोन-तीन प्रकारचं कापड आहे, मधल्या भावाचं घ्या, सगळ्यात स्वस्त जे आहे ते चार धुण्यात सैल पडतं. नाव-नंबर मात्र एक नंबर. फॉन्ट बरोबर असतो, हे फार कमी ठिकाणी मिळतं. प्रीमियर लीगचा फॉन्ट २०२३ च्या सीझनपासून बदलला, कितीतरी दुकानं अजून जुनाच छापतात, काकांकडं जुना नवा दोन्ही आहेत आणि सीझन विचारूनच टाकतात. रॅशफोर्ड, डी ब्रॉयना असली लांब नावं पण ओळीत बसवतात, अक्षरं दाबून बारीक करत नाहीत. माझी २०२१ ची जर्सी अजून चांगली आहे. फक्त उलटी करून गार पाण्यात धुवायची, पिळायची नाही, आणि छापलेल्या भागावर इस्त्री अजिबात नाही. आईनं एकदा माझ्या भावाच्या जर्सीवर इस्त्री फिरवली तर अख्खा सहा नंबर इस्त्रीला चिकटून आला होता.

आता अर्धा स्टार कशाला कापला. एक म्हणजे वेळ. चार वाजता या म्हणतात आणि सहा वाजतात, वर्ल्ड कपच्या वेळी तर गल्लीगल्लीत कटआऊट लागायला सुरुवात झाली की आठ-आठ दिवस थांबावं लागतं, २०२२ ला अर्जेंटिनाची जर्सी मला सेमीफायनल झाल्यावर मिळाली. फायनलला घातली म्हणून मी काही बोललो नाही, पण ऑर्डर नोव्हेंबरातली होती. दुसरं, फोन उचलत नाहीत, मेसेज तर बघतच नाहीत, स्वतः जायलाच लागतं. आणि लहान मुलांच्या साईज फार कमी, सहा-सात वर्षांच्या पोराला काही मिळत नाही, ह्यात काकांनी खरंच लक्ष घालायला पाहिजे, कारण संध्याकाळी स्टेडियमवर बापाचं बोट धरून येणारी पोरंच उद्याचं गिऱ्हाईक आहेत. बोळात टू व्हीलर पण लावता येत नाही, स्टेडियमकडं लावून चालत या.

भाव सांगायचा तर मधल्या कापडाची जर्सी आणि मागं नाव-नंबर मिळून मी शेवटची साडेआठशेला घेतली. ती माझ्या भाच्याची होती, न्यूकॅसलहून लिव्हरपूलला आलेल्या इसाकच्या नावाची. तेवढी गोष्ट सांगतो आणि थांबतो.

भाचा लिव्हरपूलचा, घरात एकटाच, आम्ही सगळे युनायटेडवाले असून. २०२५ चा अख्खा ऑगस्ट त्यानं आमचं डोकं खाल्लं. न्यूकॅसल क्लब इसाकला सोडायला तयार नाही, इसाक टीमबरोबर आशियाच्या दौऱ्याला गेला नाही, मग त्यानं जाहीर लिहिलं की मला दिलेले शब्द पाळले नाहीत. न्यूकॅसलच्या फॅन्सचा संताप मला कळत होता, आणि मी भाच्याला ते सांगत पण होतो, की बघ त्यांचा स्ट्रायकर आहे तो, त्याच वर्षी मार्चमध्ये लीग कपच्या फायनलला तुमच्याविरुद्धच गोल मारून त्यानं त्यांना कप जिंकून दिलाय, त्यांच्या पोरांच्या पाठीवर त्याचा १४ नंबर आहे, आज ती पोरं काय करत असतील. भाच्याला ते पटत नव्हतं, त्याचं वय बारा. २५ तारखेला दोन्ही टीमची मॅच झाली, शंभराव्या मिनिटाला सोळा वर्षांच्या एन्गुमोहानं गोल मारून लिव्हरपूल ३-२ जिंकलं, तेव्हा म्हणाला मामा आता इसाक नाही आला तरी चालेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच, आला का.

त्याला काकांकडं नेलं होतं महिन्याच्या सुरुवातीलाच. त्याला इसाक १४ पाहिजे होता. काकांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "लिव्हरपूलचा चौदा कुणाकडं हाय सांग." त्याला येत होतं, किएसा. "मग?" भाचा विचार करून म्हणाला, नुनेझ चाललाय सौदीला, नऊ मोकळा होईल. काकांनी चिठ्ठीवर त्याचं नाव लिहिलं, खाली "इसाक?" लिहिलं, नंबरची जागा मोकळी ठेवली आणि चिठ्ठी त्याच्याच हातात दिली, तूच अडकव म्हणाले. त्यानंतर तो शाळेतनं येताना रोज बोळात डोकावून जर्सी खिळ्यावर आहे का बघून यायचा.

१ सप्टेंबरला, घरी गौरी जेवल्या त्या दिवशी, ट्रान्सफर विंडोचा, म्हणजे प्लेयरनं क्लब बदलायच्या मुदतीचा, शेवटचा दिवस होता. रात्री उशिरा घोषणा आली, साडेबारा कोटी पौंड, नंबर ९. भाचा झोपला होता, बहीण म्हणाली उठवू नको सकाळी शाळा आहे, मी उठवलं. दुसऱ्या दिवशी गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या गडबडीत दुकान उघडं असेल असं मला वाटलं नव्हतं, तरी शाळा सुटल्यावर त्याला घेऊन गेलो. शटर अर्धं खाली होतं. आत काका एकटेच, प्रेस तापवून बसले होते, आणि नऊ नंबर आधीच कापून टेबलावर ठेवला होता.